जुन्या फायलींची अवघड नावं आणि पायथन : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांमध्ये आणि मंडळांमध्ये कागदांचे गठ्ठे हळूहळू हार्ड डिस्कवर जाऊ लागले आहेत. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, हौशी नाटकांचे फोटो, सभांची इतिवृत्तं, कुणाच्या आजोबांची स्कॅन केलेली पत्रं असं बरंच काही त्यात असतं. हे साठवणारी माणसं वेगवेगळी असल्यामुळे फायलींना नावंही तशीच पडतात. कुणी मराठीत टाइप केलेलं असतं, कुणी गुजराती कीबोर्डवर, कुणी इंग्रजीत, आणि बरीचशी नावं व्हॉट्सॲपने स्वतःच दिलेली असतात. मग घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगितलं जातं, ‘तू पायथन शिकतेस ना, एवढं जरा लावून दे.’

हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे. वर्गात सरावाला मिळणाऱ्या फायलींची नावं छोटी आणि सरळ असतात. खऱ्या डिस्कवर मात्र नावात चार डॉट निघतात, न दिसणारी अक्षरं निघतात, एक्स्टेंशन खोटं असतं किंवा नसतंच. माझं सांगणं एवढंच आहे, की फाइलचं नाव ही खूण आहे, पुरावा नाही. त्यामुळे आधी नीट बघायचं, मग लिहून ठेवायचं आणि अगदी शेवटी नाव बदलायचं. हा क्रम उलटा झाला, तर परत न मिळणारी माहिती जाते.

वाचताना एक लक्षात ठेवा. फंक्शनची नावं आणि एक्स्टेंशनं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच करायची. पायथन ३.१२ किंवा त्याच्या नंतरचं असावं.

पहिली पायरी : मूळ डिस्कला हात लावू नका

सगळं फोल्डर आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्या. ‘शटिल’ मॉड्यूलमधलं ‘कॉपीट्री’ हे काम करतं आणि फाइल शेवटची कधी बदलली ती तारीखही शक्यतो जपतं. जुन्या फोटोंच्या बाबतीत कधीकधी ती तारीख हाच एकमेव धागा असतो. मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा आणि पुढचं सगळं या प्रतीवर करा.

दुसरी पायरी : नावं जशी आहेत तशी बघा

‘पाथलिब’ मॉड्यूल पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून भाषेसोबतच येतं. त्यातला ‘पाथ’ घ्या, त्याच्यावर ‘आरग्लॉब’ चालवा, नमुना म्हणून फक्त ताराचिन्ह द्या आणि ‘इजफाइल’ने फक्त फायली निवडा. आता प्रत्येक नाव नुसतं ‘प्रिंट’ करू नका, ‘रेप्र’ लावून करा. नुसत्या ‘प्रिंट’ने नाव सुंदर दिसतं, ‘रेप्र’ने खरं दिसतं. नावाच्या शेवटी मोकळी जागा राहिली असेल तर ती अवतरणचिन्हाच्या आत उघडी पडते. वेबवरून चिकटवलेल्या नावात न तुटणारी मोकळी जागा असते, तिचा युनिकोडमधला (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक १६०. अक्षरं जोडणारं शून्य रुंदीचं चिन्ह असतं, त्याचा क्रमांक ८२०५. या दोन्हींच्या जागी ‘रेप्र’ बॅकस्लॅशने सुरू होणारा संकेत छापतं.

विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन दिसले, तर घाबरायचं कारण नाही. नाव शाबूत असतं, फक्त त्या खिडकीच्या फाँटला ते काढता येत नाही. यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) लिहा आणि ‘ओपन’ला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. त्यातल्या ‘सिग’मुळे एक्सेलला कळतं की हे युनिकोड आहे, आणि मराठी नीट उघडतं. एन्कोडिंग न सांगता फाइल उघडायची सवय आताच मोडा.

यादीत काही फायली डॉट आणि अधोरेखा या जोडीने सुरू होताना दिसतील. पुढे नेहमीच्या फोटोचं नाव, शेवटी जेपीजी, आकार मात्र अगदी थोडा. ही डिस्क कधीतरी मॅकला लावलेली होती. मॅक स्वतःची जादा माहिती अशा जोडफायलींत ठेवतो. त्या फोटो नाहीत, म्हणून मोजणीतून वगळा. मॅकने बनवलेली ‘डीएस_स्टोअर’ आणि विंडोजने बनवलेली ‘थंब्स.डीबी’ यांनाही तोच न्याय लावा.

लिनक्सवर एखादं नाव ‘रेप्र’शिवाय छापतानाच प्रोग्राम ‘युनिकोड एन्कोड एरर’ देऊन थांबला, तर त्या नावातले बाइट यूटीएफ-८ मध्ये बसत नाहीत असं समजा. पायथन असे बाइट फेकून देत नाही, खास राखीव क्रमांकांत गुंडाळून जपून ठेवतं. त्यामुळे फाइल उघडता येते, फक्त नाव नुसतं छापता येत नाही. तिथे ‘रेप्र’ किंवा ‘अॅस्की’ फंक्शन वापरा आणि पुढे जा.

तिसरी पायरी : डॉट कुठला आणि एक्स्टेंशन कुठलं

नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

‘पाथ’चा ‘सफिक्स’ शेवटच्या डॉटपासून पुढचं सगळं देतो. ‘स्मरणिका.पीडीएफ’ला ते बरोबर आहे. पण आपल्याकडे तारीख लिहायची पद्धत डॉट देऊन आहे. ‘सभा १२.१०.१९८७’ अशी एक्स्टेंशन नसलेली फाइल असेल, तर पायथनच्या मते तिचं एक्स्टेंशन ‘.१९८७’. ‘डॉ. पटवर्धन यांचं पत्र’ असं नाव असेल, तर ‘डॉ’ एवढंच नाव आणि बाकीचं सगळं एक्स्टेंशन. यात पायथनची काही चूक नाही. डॉटचा अर्थ त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे.

आता या फायलींना ‘.टीएक्सटी’ जोडायचं म्हणून कुणी ‘विथ सफिक्स’ वापरलं तर काय होईल बघा. ‘सभा १२.१०.१९८७’चं ‘सभा १२.१०.टीएक्सटी’ होतं. वर्ष गेलं. शेजारी ‘सभा १२.१०.१९८८’ असेल, तर तिचंही तेच नाव होतं. त्यानंतर ‘रिनेम’ केलं, तर विंडोज निदान त्रुटी देऊन थांबतं. लिनक्स आणि मॅकवर मात्र दुसरी फाइल पहिलीच्या जागी गुपचूप बसते आणि पहिली कायमची नाहीशी होते. कुठलाही इशारा मिळत नाही.

उपाय सोपा आहे. आपल्याला माहीत असलेल्या एक्स्टेंशनांचा एक ‘सेट’ हाताने, पुढच्या डॉटसकट बनवा: पीडीएफ, जेपीजी, जेपीईजी, पीएनजी, टिफ, डॉक, डॉकएक्स, एक्सएलएस, एमपी३ वगैरे. ‘सफिक्स’ घ्या, कडेच्या मोकळ्या जागा ‘स्ट्रिप’ने काढा, ‘लोअर’ने छोट्या लिपीत आणा आणि सेटमध्ये आहे का ते पाहा. असेल तरच ते एक्स्टेंशन, नाहीतर सगळंच नाव. एक्स्टेंशन जोडायचं असेल तर ‘विथ नेम’ला जुनं पूर्ण नाव अधिक नवं एक्स्टेंशन द्या. त्यात काहीच कापलं जात नाही.

‘लोअर’ विसरू नका. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंचं एक्स्टेंशन बहुधा मोठ्या लिपीत असतं आणि फोनमधून आलेल्यांचं छोट्या. विंडोजला दोन्ही सारखी, लिनक्सला वेगळी. घरी चाललेला प्रोग्राम कॉलेजच्या लिनक्स मशिनवर निम्मे फोटो गाळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

‘सफिक्सेस’ असं अनेकवचनी रूपही आहे. ‘टार.जीझेड’सारख्या जोडएक्स्टेंशनांसाठी ते चांगलं आहे, पण ‘सभा १२.१०.१९८७.पीडीएफ’वर ते तीन तुकडे देतं आणि त्यातले दोन तारखेचे असतात. तेव्हा आपल्या कामात त्यावर विसंबू नका. तसंच एक्स्टेंशन काढायला ‘आरस्ट्रिप’ नको. ते शेवटचा शब्द काढत नाही, दिलेल्यांपैकी जी जी अक्षरं टोकाला सापडतील ती सगळी खरवडतं. त्यासाठी ‘रिमूव्ह सफिक्स’ आहे, पायथन ३.९ पासून.

विंडोज एक्स्टेंशन लपवून ठेवतं, त्यामुळे लोक हाताने पुन्हा लिहितात आणि ‘फोटो.जेपीजी.जेपीजी’ तयार होतं. ते निरुपद्रवी आहे, शेवटी नवं नाव देताना जाईल.

चौथी पायरी : फाइल आतून बघा

एक्स्टेंशन नसेल किंवा त्यावर शंका असेल, तर फाइलच्या पहिल्या काही बाइटवरून प्रकार कळतो. फाइल ‘आरबी’ मोडमध्ये उघडा, पहिले सोळा बाइट वाचा आणि ‘लिस्ट’मध्ये घालून छापा, म्हणजे साधे आकडे दिसतील. ३७, ८०, ६८, ७० ने सुरुवात असेल तर पीडीएफ. २५५, २१६, २५५ म्हणजे जेपीजी. १३७, ८०, ७८, ७१ म्हणजे पीएनजी. टिफचे दोन प्रकार सापडतात: ७३, ७३, ४२, ० किंवा ७७, ७७, ०, ४२. स्कॅनरवरून आलेल्या जुन्या फायलींत टिफ बरेच असतात.

८०, ७५ ने सुरू होणारी फाइल म्हणजे झिप, पण तिथे थांबू नका. डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, ओडीटी आणि ईपब या सगळ्या आतून झिपच आहेत. ‘झिपफाइल’ने उघडून ‘नेमलिस्ट’ बघा. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर असेल तर वर्डची फाइल, ‘एक्सएल’ असेल तर एक्सेलची. २०८, २०७, १७, २२४ अशी सुरुवात जुन्या डॉक आणि एक्सएलएस दोघांचीही असते. तिथे फरक करायला आणखी आत शिरावं लागतं. नवीन माणसाने अशा फायली सरळ वेगळ्या काढून ठेवाव्यात आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहाव्यात.

कशातच न बसणारी फाइल टाकाऊ समजून पुसू नका. ‘पी६५’ आणि ‘पीएमडी’ ही पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रामची एक्स्टेंशनं आहेत. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर डीटीपीवाल्यांकडे पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवला जायचा. एखाद्या स्मरणिकेची छापील प्रत कुणाकडेच उरली नसेल, तर तिचा मजकूर फक्त अशा फाइलमध्ये असू शकतो. तुमच्या प्रोग्रामने तिला ‘अज्ञात’ म्हणावं आणि जपावं.

पाचवी पायरी : देवनागरीतले बारकावे

परदेशी लेखांमध्ये हा भाग सापडत नाही, आणि मराठी फायलींचा खरा पेच इथेच आहे. डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावं संगणकाच्या लेखी वेगळी असू शकतात.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ हे एकच अक्षर असू शकतं, क्रमांक २३५३. किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं असू शकतात, २३५२ आणि २३६४. मॅकची जुनी डिस्क‑पद्धत नावं अशी फोडूनच साठवायची. इथे ‘रेप्र’ मदत करत नाही, कारण दोन्ही सारखीच दिसतात. नावाला ‘लिस्ट’ लावा, म्हणजे चिन्हं सुटी होऊन दिसतील. उपाय ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइज’, पद्धत ‘एनएफसी’, म्हणजे सुटी चिन्हं शक्य तिथे जोडून एक करणारी. त्याने दोन्ही रूपं २३५३ वर येतात. उलट ‘ग़ज़ल’मधले नुक्त्याचे ग आणि ज एनएफसीतही फोडलेलेच राहतात, तसा युनिकोडचा नियमच आहे. दोन्ही नावं एकाच चाळणीतून काढली की तुलना बरोबर होते, एवढं पुरे.

तिसरं रूप मात्र एनएफसीला दाद देत नाही. कित्येक वर्षं लोक हा अर्धा ऱ साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहीत होते. ‘अदृश्य चिन्हं सगळी काढून टाका’ असा सल्ला वाचून तुम्ही तेही काढलंत, तर र चा रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून क्रम पाळा. आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांचा विचार करा. ॲ चंही असंच आहे. ते एक अक्षर म्हणून लिहिता येतं किंवा अ वर चंद्र देऊन. एनएफसी त्यांना एक मानत नाही, ‘रिप्लेस’ तुम्हालाच लिहावं लागेल.

बडोद्यातल्या फायलींत आणखी एक गोष्ट हमखास भेटते. गुजराती माध्यमात शिकलेली मराठी मुलं मजकूर देवनागरीत लिहितात आणि आकडे गुजराती कीबोर्डवरचे टाकतात. शून्य, दोन, चार हे आकडे दोन्ही लिप्यांत इतके सारखे दिसतात की फरक लक्षातच येत नाही, पण क्रमांक वेगळे असतात. पायथन इथे फार उदार आहे. ‘इंट’ला देवनागरी आकडे द्या, गुजराती द्या, इंग्रजी द्या, सगळ्यांची बरोबर संख्या मिळते. तपासायला ‘इजडिजिट’ऐवजी ‘इजडेसिमल’ वापरा, कारण पहिलं वर्गाच्या छोट्या दोनलाही हो म्हणतं आणि मग ‘इंट’ अडतं. नावं क्रमाने लावताना ‘अंक १०’ हा ‘अंक २’च्या आधी येतो, तोही प्रश्न इथेच सुटतो. नावातले आकडे संख्येत बदलून त्यांवर ‘सॉर्टेड’ करा.

आणखी एक सापळा विसर्गाचा. घाईत लोक ‘अंतःकरण’मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाइप करतात. लिनक्सवर ते चालून जातं. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये असं नाव देताच येत नाही. पण पायथनमधून विंडोजवर अशा नावाची फाइल लिहिली, तर विंडोजची डिस्क‑पद्धत एनटीएफएस कोलनच्या आधीचा भाग नाव समजतं आणि मजकूर त्या फाइलला चिकटलेल्या छुप्या प्रवाहात ठेवतं. तुम्हाला दिसते शून्य बाइटची ‘अंत’ नावाची फाइल. मजकूर गेला असं वाटून माणूस ती पुसून टाकतो. तेव्हा देवनागरी अक्षरानंतर आलेला कोलन विसर्ग असावा का, ते नाव वाचून ठरवा आणि मगच बदला.

लांबीचं गणित थोडक्यात. विंडोजवर एका नावात २५५ चिन्हं बसतात. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत २५५ बाइट बसतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे तिथे मराठी नावाला फार तर ८५ चिन्हं, मात्रा आणि हलन्त धरून. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दालाच ३० बाइट लागतात. विंडोजवर सुखाने राहिलेलं लांब नाव लिनक्स सर्व्हरवर चढताना अडतं ते यामुळे. लांबी मोजताना ‘लेन’ नावावर नको, ‘एन्कोड’ केलेल्या बाइटवर लावा. छोटं करताना कापलेला तुकडा हलन्तावर संपत नाही ना, तेही बघा.

सहावी पायरी : विंडोजला न चालणारी नावं

दोन्ही कोनी कंस (< आणि >), कोलन, दुहेरी अवतरण, दोन्ही स्लॅश, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि ताराचिन्ह विंडोजला चालत नाहीत. नावाच्या शेवटचा डॉट किंवा मोकळी जागा ते काढून टाकतं, म्हणजे ‘यादी वगैरे इ.’चा डॉट जातो. ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’ अशी काही इंग्रजी नावं राखीव आहेत. मराठी फायलींत त्यांचा त्रास क्वचितच होतो.

चौकटी कंस मात्र सगळीकडे चालतात आणि तरीही छळतात, कारण ‘ग्लॉब’ला तो नमुना वाटतो. ‘नाटक [दुसरा अंक].एमपी३’ शोधूनही सापडत नसेल, तर ‘ग्लॉब’ मॉड्यूलमधलं ‘एस्केप’ आधी लावा.

सातवी पायरी : नोंदवही, आणि मगच बदल

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदा संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली. आजही ग्रंथालयात पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो, मुखपृष्ठावरचं नाव कोणी खोडत नाही. फायलींना हीच रीत लावा.

सीएसव्हीमध्ये प्रत्येक फाइलसाठी एक ओळ ठेवा. तिच्यात क्रमांक, मूळ फोल्डर, मूळ नाव अक्षर न बदलता, आतून बघून ठरवलेला प्रकार, नवं नाव आणि एसएचए-२५६ ठसा (फाइलमधल्या बाइटवरून गणिताने काढलेली ओळख) असावा. ठसा ‘हॅशलिब’च्या ‘फाइल डायजेस्ट’ने काढता येतो. दोन फायलींचा ठसा एकच निघाला तर त्या एकच आहेत, नावं कितीही वेगळी असोत. व्हॉट्सॲपवरून पुन्हा पुन्हा आलेल्या पीडीएफ अशाच पकडायच्या. फोटोंवर याचा भरवसा नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटे करतं, त्यामुळे तोच फोटो वेगळा ठसा देतो.

नवं नाव साधं ठेवा: वर्ष, क्रमांक, दोन‑तीन शब्दांत विषय, मध्ये अधोरेखा, शेवटी छोट्या लिपीतलं खरं एक्स्टेंशन. क्रमांकाला पुढे शून्यं लावा. मराठी शब्द खुशाल वापरा, फक्त ते एनएफसीतून काढलेले असावेत. ‘मराठी काढून इंग्रजीच करा’ असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. आजच्या तिन्ही प्रणाली देवनागरी नावं सांभाळतात, आणि ज्या काकूंना हे इतिवृत्त शोधायचं आहे त्या मराठीतच शोधणार आहेत.

प्रोग्राम आधी फक्त नोंदवही लिहील असा करा, नाव बदलणारी ओळ अजून लिहूच नका. ती यादी मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. ‘भाऊसाहेब, हे १२.१०.८७ म्हणजे ऑक्टोबर ना? आणि हा फोटो कुठल्या नाटकाचा?’ असं विचारल्यावर जे कळतं, ते बाइट वाचून कधीच कळणार नाही. दुरुस्त्या नोंदवहीतच करा आणि दुसऱ्या छोट्या प्रोग्रामने ती ओळीओळीने वाचून फायली नव्या फोल्डरमध्ये ‘कॉपी२’ने उतरवा. ‘रिनेम’ची गरजच पडत नाही. प्रत्येक प्रतीआधी ‘एग्झिस्ट्स’ने बघा आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर थांबा, पुढे ढकलू नका. नवी नावं फक्त छोट्या‑मोठ्या लिपीने वेगळी असतील तर विंडोज आणि मॅक त्यांना एकच समजतात, तेव्हा नोंदवहीतच ‘केसफोल्ड’ करून कुठलं नाव दोनदा आलं का ते तपासून घ्या.

शेवटी नव्या फोल्डरमधल्या फायलींचे ठसे पुन्हा काढा आणि नोंदवहीशी जुळवा. सगळे जुळले की नोंदवहीची एक प्रत त्या फोल्डरमध्येच ठेवा, दोन्ही प्रोग्रामसकट.